दाढ, मास्क आणि आईबापांची धास्ती

‘म्हणजे पोराला बेशुद्ध करणार?’ दंतवैद्याने लाफिंग गॅसचं नाव काढलं की आईबापांचा पहिला प्रश्न हाच. पण या गॅसला, म्हणजे नायट्रस ऑक्साइडला, एकट्याने ते जमतच नाही. नेहमीच्या हवेच्या दाबात पूर्ण भूल चढायला त्याचं प्रमाण शंभर टक्क्यांच्याही वर लागेल. दवाखान्यात तो साधारण 30 ते 50 टक्के देतात, बाकीचा ऑक्सिजन. मूल जागं असतं, ‘आ कर’ म्हटलं की आ करतं. हसेलच असं मात्र नाही.

‘गॅस दिला की इंजेक्शन नको’ हाही गैरसमजच. दाढ सुन्न करायला सुई लागतेच. गॅसने तिची धास्ती कमी होते. हा धडा जुनाच आहे. 1844 मध्ये अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःची दाढ उपटून घेतली आणि खूश झाला. दुसऱ्याच महिन्यात बॉस्टनला डॉक्टरांपुढे प्रयोग केला, तर रुग्ण ओरडला!

मास्क फक्त नाकावर बसतो. त्यामुळे नाक चोंदलेलं असेल किंवा मूल मास्क लावूच देत नसेल, तर मशीन कितीही भारी असो, उपयोग शून्य. असर काही मिनिटांत येतो आणि शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की उतरतो. क्वचित उलटी होते, म्हणून येताना मिसळ चापून येऊ नये. हलकं काही खाल्लेलं चालतं, पण किती वेळ आधी ते डॉक्टरांना विचारावं.

‘अगदी निर्धोक’ हेही अर्धसत्यच, आणि पुणेकरांनी ते जरा नीट ऐकावं. हा वायू शरीरातलं बी-12 जीवनसत्त्व निकामी करतो. धडधाकट मुलाला थोड्या वेळाच्या गॅसने सहसा काही होत नाही. आधीच मोठी कमतरता असेल तर मज्जातंतूंना धोका पोचू शकतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये पुणे परिसरातल्या 441 पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. 67 टक्क्यांत बी-12 कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के. ते प्रौढ होते हे खरं, पण मुलं जेवतात त्याच स्वयंपाकघरात. घर शाकाहारी असेल, मूल दूधही पीत नसेल, किंवा (गॅसने कानात दाब वाढतो म्हणून) नुकतंच कानाचं दुखणं झालं असेल, तर खुर्चीत बसवण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि आई गरोदर असेल तर खुर्चीशेजारी बाबांनी बसावं. थोडा गॅस खोलीत सुटतोच.