भिंतीतली वीट आणि केपटाऊनची पोरे

गेल्या महिन्यात आमच्या विहारातील अभ्यासिकेत एका गाण्यावरून वाद झाला. अकरावीतला एक मुलगा मोबाईलवर पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचे 'अनदर ब्रिक इन द वॉल, भाग २' पाहत होता. मिलिंद महाविद्यालयात शिकून शिक्षक झालेले आणि आता निवृत्त असलेले आमचे गुरुजी मागे उभे होते. त्यांनी अर्थ विचारला, पोराने सांगितला आणि गुरुजी संतापले. "ज्या बापाने 'शिका' म्हणून सांगितले, त्याच्याच फोटोखाली बसून शिक्षण नको म्हणणारे गाणे ऐकता?" मुलगा माझ्याकडे वळला, "वकीलकाका, तुम्हीच सांगा."

गुरुजींचा संताप खोटा नव्हता. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांना शिक्षणाचा कंटाळा परवडत नाही. परंतु गाण्यावर खटलाच भरायचा असेल तर पुरावा पूर्ण वाचला पाहिजे.

हे गाणे नोव्हेंबर १९७९ मध्ये आले. लिहिले रॉजर वॉटर्सने. त्याचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो अवघ्या काही महिन्यांचा होता. पुढे केंब्रिजच्या शाळेत टोमणे मारणारे, पोरांना हिणवणारे मास्तर भेटले. त्याचा राग पुस्तकावर नाही, मुलाच्या मनावर ताबा मिळवू पाहणाऱ्या मास्तरावर आहे. (नकार देताना त्याने व्याकरणही मोडले आहे. काटेकोर अर्थ लावला तर दोन नकारांचा होकार होतो! पण रस्त्यावरची इंग्रजी तशीच बोलते.)

आज सगळीकडे दिसते ती चित्रफीत मुख्यतः १९८२ च्या 'द वॉल' या चित्रपटातली. दिग्दर्शक अ‍ॅलन पार्कर. वर्गात एक मुलगा वहीत कविता लिहितो. मास्तर वही हिसकावतो, कविता वर्गाला वाचून दाखवतो, खिल्ली उडवतो आणि हातावर पट्टी मारतो. हाच मास्तर घरी बायकोपुढे मान खाली घालून नकोसा घास गिळतो, आणि लगेच पडद्यावर पोराला मार बसतो. वरच्याचा अपमान खालच्याच्या पाठीवर उतरतो, ही उतरंड आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मात्र सारा दोष बायकोच्या माथी मारण्याची खोड या इंग्रज दिग्दर्शकालाही सुटली नाही. नंतर एकसारखे मुखवटे घातलेली मुले रांगेने चालत येतात आणि खिमा करण्याच्या यंत्रात पडतात. मग मुखवटे फेकले जातात, बाके मोडतात, शाळा पेटते. आणि शेवटी कळते, हे सारे त्या मुलाच्या मनातले होते. तो बाकावर बसून हात चोळतो आहे.

गाण्यात मुलांचा जो आवाज आहे तो लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेच्या विद्यार्थ्यांचा. जवळच्याच स्टुडिओत त्यांनी गायले. शाळेला एक हजार पौंड मिळाले. गाणे इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि २००४ मध्ये त्यांतल्या काही मुलांनी, तोवर ती तिशी ओलांडून गेली होती, आपल्या आवाजाच्या मानधनावर कायदेशीर हक्क सांगितला. गुलामीविरुद्ध गाणाऱ्यांच्या घामाचा हिशोब कोण ठेवतो, हा प्रश्न लंडनमध्येही सुटलेला नव्हता.

पण गुरुजींच्या आक्षेपाला खरे उत्तर दक्षिण आफ्रिकेने दिले. तेथे १९५३ मध्ये बांटू शिक्षण कायदा झाला. त्याचा शिल्पकार हेंड्रिक फेरवुर्ड. काळ्यांना गोऱ्यांच्या समाजात ठराविक मजुरीच्या वर जागा नाही, मग त्यांना त्याहून अधिक शिकवायचे कशाला, असे त्याने सिनेटमध्ये उघड सांगितले. मनूला यापेक्षा वेगळे काय म्हणायचे होते? १६ जून १९७६ रोजी आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध सोवेटोची मुले रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. १९८० च्या एप्रिलमध्ये केपटाऊनच्या शाळांतून बहिष्कार सुरू झाला. पुस्तके नाहीत, इमारती मोडक्या, गोऱ्या मुलामागे सरकारचा खर्च अनेक पट. या मुलांनी पिंक फ्लॉइडचे हे गाणे उचलले, आणि मे १९८० मध्ये वर्णद्वेषी सरकारने त्यावर बंदी घातली.

त्या मुलांना शिक्षण नको होते काय? उलट, चांगले शिक्षण हवे होते म्हणून तर ती वर्गाबाहेर आली होती! नको होते ते गुलाम घडविणारे शिक्षण. लंडनच्या पोरांसाठी जे मास्तरविरुद्धचे गाणे होते, ते केपटाऊनमध्ये राज्यव्यवस्थेविरुद्धचे झाले.

छडीचे म्हणाल तर इंग्लंडने सरकारी शाळांतून ती १९८६ च्या कायद्याने हटविली, आफ्रिकेने १९९६ मध्ये, आपण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने. त्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. वर्गात आडनाव विचारून मुलाला हिणवणे यातच येते, हे किती शाळांना ठाऊक आहे?

हे सारे मी सांगत होतो तेव्हा गुरुजी गप्प होते. मग म्हणाले, "दाखव रे पुन्हा." मुलाने लावले. हात चोळणाऱ्या पोरापाशी चित्र आले तसे त्यांनी थांबवायला सांगितले. बराच वेळ पाहत राहिले. "तीस वर्षे माझ्याही हातात छडी होती," एवढेच म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.