कावडीखालचा हात

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या जुन्या शहरात पहाटेच जाग असते. १८ किलोमीटरवरच्या गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन रात्रभर अनवाणी चाललेले कावडधारी राजराजेश्वराच्या वाटेवर असतात. ‘हर्र बोला महादेव’च्या गजरात कोतवाली मागे पडते, मोर्णेचा पूल येतो, मग जयहिंद चौक. १९४४ साली पाऊस रुसला तेव्हापासूनची ही प्रथा, असं जुनी मंडळी सांगतात. मी त्या गर्दीत वही-पेन्सिल घेऊन उभा असतो. महादेवाची माफी मागून सांगतो, माझं लक्ष असतं ते हातांकडे.

कारण हात मला कधी जमलाच नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्रातल्या साऱ्या माणसांचे हात मी टोपलीमागे नाहीतर पदराखाली दडवले होते. पुढे शिकलो तो प्लास्टरचा, मनगटाशी कापलेला, टेबलावर निजवलेला पंजा. मनगटाची ८, तळव्याची ५, बोटांची १४ अशी २७ हाडं पाठ झाली, पण कागदावरचा हात भुसा भरलेल्या मोज्यासारखाच राहिला.

हल्ली शेकडो भरण्यांच्या, म्हणजे पाण्याच्या घड्यांच्या, अवाढव्य कावडी निघतात, पण माझा गुरू साध्या कावडीखाली भेटला. एक बांबू, दोन टोकांना दोन भरणे, खाली एक म्हातारा. मी त्याची बोटं रेखाटत होतो. तो म्हणाला, “बोटाइले काय पाहून राह्यले भाऊ, खांद्याले पाहा ना. वझं तं तती हाय.”

मी पाहिलं. धडाशी हाताचा हाडाचा सांधा एकच, गळ्याच्या खळीजवळ, जिथे हासळी छातीच्या हाडाला टेकते. पाठीमागचा फरा बरगड्यांवर नुसता स्नायूंच्या भरवशावर सरकत असतो. हात खालून थेट डोक्यावर जातो तेव्हा १८० अंशांतले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्याचे आणि ६० या फऱ्याचे. म्हाताऱ्याने खांदा बदलायला बांबू उचलला तशी हासळीचं बाहेरचं टोक वर गेलं. छातीचा स्नायू दंडावर जाताना पिळलेला असतो. हात वर जाताच तो पीळ सुटला आणि काखेची पुढची कड ताणली गेली. हे टिपलं नाही तर उचललेला हात खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. माझे सगळे तसेच दिसत.

कोपराखाली आणखी एक फसगत असते. आपण म्हणतो मनगट वळलं, पण ते वळत नाही. करंगळीकडचं हाड कोपराशी बिजागरीसारखं बसलेलं असतं आणि अंगठ्याकडचं त्यावरून आडवं होतं. तीर्थाला हात उताणा केला की दोन्ही हाडं शेजारी शेजारी, पालथा केला की कातर. उताण्या, सरळ हातात कोपराखालचा भाग जरा बाहेर झुकतो, पालथ्यात तो झोक जवळपास नाहीसा होतो. बेटकुळी नुसती हात दुमडते हाही गैरसमजच. हात उताणा करणं हे तिचं मोठं काम, आणि लिओनार्दोने ते पाचशे वर्षांपूर्वीच टिपून ठेवलं होतं. म्हाताऱ्याची बांबूवरची पकड वरून होती तोवर दंड लांबट होता. पंजा खालून लावताच, कोपर होता तेवढाच दुमडलेला असूनही, बेटकुळी गोळा होऊन वर आली. बोटांत तर स्नायूंचं मांस नाहीच. पकड आवळली की फुगतं ते कोपराखाली, बोटं फक्त दोऱ्या ओढल्यासारखी मिटतात.

अर्थात हाडं मोजून चित्र होतं असं नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हाताला ना शीर दिसते ना गाठ, तरी कमळ धरलेली ती बोटं खांद्यापासून वाहत आलेली आहेत. आमच्याकडच्या मूर्तिकारांचं कोडं त्याहून अवघड: गणपतीला हात चार, हासळ्या दोनच! मागचे हात कुठून फुटले हा प्रश्न चांगला कारागीर शेल्याच्या एका चुणीत मिटवतो. ती लबाडी मला शरीरशास्त्राच्या पुस्तकाइतकीच मोलाची वाटते.

पिंडीवर पाणी वाहून म्हातारा एका ओट्यावर टेकला. दोन्ही हात मांडीवर उताणे, खांदे उतरलेले, बोटं अजून बांबूच्या जाडीएवढी वळलेली. मी वहीचं पान उलटलं आणि हासळीपासून सुरुवात केली.