साडेतीन हजार प्रतींची पहिली खेप

कॅनडातील ‘रश’ या रॉक बँडचे नाव पुढे जगभर झाले. मात्र आपल्या पहिल्या अल्बमसाठी टोरांटोच्या या तीन तरुणांना एकही मोठी ध्वनिमुद्रण कंपनी मिळाली नव्हती. अखेर त्यांनी व्यवस्थापक रे डॅनियल्स यांच्यासह ‘मून रेकॉर्ड्स’ हे घरचेच लेबल थाटले आणि मार्च १९७४ मध्ये ‘रश’ याच नावाचा अल्बम बाजारात आणला. प्रती निघाल्या जेमतेम साडेतीन हजार.

पैशांची चणचण पावलोपावली होती. गायक व बासवादक गेडी ली, गिटारवादक अ‍ॅलेक्स लाइफसन आणि ड्रमवादक जॉन रट्सी क्लबमधील कार्यक्रम आटोपून रात्री उशिरा स्टुडिओ गाठत, कारण त्या वेळचे भाडे कमी असे. पहिले ध्वनिमुद्रण मनासारखे साधले नाही. तेव्हा टेरी ब्राऊन या जाणकाराने काही गाणी नव्याने मुद्रित करून अल्बम सावरला. वेष्टनावरील लाल अक्षरे छपाईतील चुकीमुळे गुलाबी झाली. ती पुढेही तशीच राहिली!

या अल्बमचे भाग्य उजळले ते सीमेपलीकडे, अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात. ‘डब्ल्यूएमएमएस’ या तेथील रेडिओ केंद्राच्या संगीत विभागप्रमुख डोना हॅल्पर यांच्या हाती एक प्रत आली. त्यांनी निवडले सात मिनिटांचे ‘वर्किंग मॅन’. एवढे लांब गाणे लावले की निवेदकाला जरा उसंत मिळते, हा त्यामागचा व्यावहारिक हिशेब. पण क्लीव्हलंड हे कारखान्यांचे, कामगारांचे शहर. कष्टकऱ्याच्या चाकोरीबद्ध दिवसाचे ते गाणे तेथे काळजाला भिडले. ‘लेड झेपेलिन’चा नवा अल्बम आला काय, अशी विचारणा करणारे दूरध्वनी केंद्रावर खणखणू लागले.

त्यानंतर ‘मर्क्युरी’ या बड्या कंपनीने बँडशी करार केला आणि त्याच वर्षी अल्बम पुन्हा प्रसिद्ध केला. त्यावर हॅल्पर यांचे खास आभार छापले गेले. ‘मर्क्युरी’च्या प्रती मुबलक निघाल्या, त्यामुळे ‘मून’चे नाव असलेली पहिली खेप संग्राहकांसाठी अप्रूपाची वस्तू ठरली.

रट्सी यांना मात्र हे यश उपभोगता आले नाही. त्यांना मधुमेह होता. दीर्घ दौरे झेपणारे नव्हते, शिवाय संगीताच्या दिशेबाबतही मतभेद होते. जुलै १९७४ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांच्या जागी नील पीअर्ट आले. २००८ साली रट्सी यांचे निधन झाले. ‘रश’च्या साऱ्या स्टुडिओ अल्बमपैकी त्यांचे ड्रमवादन ऐकू येते ते फक्त या पहिल्या अल्बमवर.