तालमीची जागा

सुरतच्या उधना-लिंबायत भागात मराठी पोरांचं नाटक बसवायचं ठरलं की संहितेच्याही आधी प्रश्न येतो तो तालमीच्या जागेचा. खोली मिळालीच तर भिंतीपलीकडे लूम खटखटत असतात. त्या आवाजावर संवाद फेकायची सवय झालेला मुलगा मग रंगमंचावर कानात सांगायचं वाक्यही ठणकावून म्हणतो. अशा वेळी मला मुंबईची 'चंद्रशाला' हटकून आठवते.

'रंगायन' ही नाट्यसंस्था फुटल्यावर १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे वगैरे मंडळींनी 'आविष्कार' काढली. 'चंद्रशाला' हा तिचा मुलांचा विभाग. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका. त्यामुळे शाळेचं दार नाटकाला उघडलं आणि १९७४ पासून तिथल्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली. पुढे ती जागा सुटली, तेव्हा संस्थेनं माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवलं. म्हणजे पुन्हा शाळाच.

'चंद्रशाला'चं गाजलेलं नाटक म्हणजे माधव साखरदांडे यांचं 'दुर्गा झाली गौरी'. १९८२ साली आलेलं हे नृत्यनाट्य पुढे कितीतरी वर्षं नव्या नव्या मुलांना घेऊन होत राहिलं. मुलांच्या नाटकाची खरी गोम इथेच आहे. मोठ्यांच्या नाटकात नट आजारी पडतो. इथे तो उंच होतो. दिवाळीत अंगावर बसलेला झगा मे महिन्यात गुडघ्यावर येतो, आवाज फुटतो, दहावीचं वर्ष येतं आणि आईबाबा तालमीला कुलूप लावतात. तयार झालेलं पोर सोडून द्यायचं आणि दुसऱ्याला पहिल्या पावलापासून शिकवायचं, हे दर दोन-तीन वर्षांनी. दिग्दर्शकाची प्रतिभा इथे फारशी कामाची नाही, चिकाटी लागते.

ती काकडेकाकांकडे होती. तारखा, हॉल, पैशांची जुळवाजुळव, पत्रव्यवहार असली बिनटाळ्यांची कामं त्यांनी जवळपास अर्धशतक केली. २०१९ साली ते गेले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं होतं 'अमका'.

परवा आमच्याकडे हॉलची किल्ली आणायला कोण जाणार यावरच पाऊण तास गेला. नायकाला संवाद पाठ करायचे होते, खलनायकाचा क्लास होता. शेवटी ज्याला नाटकात कामच मिळालं नव्हतं, त्या पोरानं सायकल काढली. येताना सगळ्यांसाठी वडेही घेऊन आला.