डोळ्यातले इंजेक्शन : औषध कधी बदलावे?

‘सहा इंजेक्शने झाली, तरी नजर सुधारत नाही. आता डॉक्टर औषध बदलू म्हणतात. मग आधीची इंजेक्शने वाया गेली का?’ डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेल्या अनेक रुग्णांच्या मनात हा प्रश्न असतो.

पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्याच जोरावर होतात. उतारवयात काही जणांच्या पीतबिंदूखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात व पाझरू लागतात. त्यामुळे पडद्याला सूज येते, सरळ रेषा वाकडी दिसते. या वाढीला ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन चालना देते. इंजेक्शन त्या प्रथिनाला अडवते. मात्र काही आठवड्यांत औषधाचा परिणाम ओसरतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागते.

बेव्हासिझुमॅब हे मूळचे कर्करोगावरचे औषध २००५ पासून डोळ्यात वापरले जाऊ लागले. पुढे रॅनिबिझुमॅब (२००६), अफ्लिबरसेप्ट (२०११) व फॅरिसिमॅब (२०२२) ही औषधे आली. यांत बेव्हासिझुमॅब सर्वांत स्वस्त. म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. सारख्याच वेळापत्रकाने दिल्यास नजरेच्या बाबतीत ते रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचे ठरते, असे २०११ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसले.

औषध बदलण्यापूर्वी डॉक्टर काही गोष्टी पाहतात. सुरुवातीची तीन इंजेक्शने दरमहा वेळेवर झाली का? ‘ओसीटी’ तपासणीत पडद्यात पाणी उरले आहे का? नजर कमी होण्यास मोतीबिंदू किंवा पडद्यावरचा जुना व्रण कारणीभूत नाही ना? पुष्कळदा दोष औषधाचा नसून चुकलेल्या तारखांचा असतो.

औषध बदलल्यावर अनेकांच्या पडद्यातील पाणी कमी होते, दोन इंजेक्शनांमधील अंतरही वाढवता येते. नजर मात्र बहुधा थोडीच सुधारते, कारण व्रण झालेला भाग पूर्ववत होत नाही. आहे ती नजर टिकली, हेही मोठे यश आहे. त्या अर्थाने आधीची इंजेक्शने वाया जात नाहीत. नवे ते चांगलेच, असेही नाही. २०१९ मध्ये आलेल्या ब्रोल्युसिझुमॅबमुळे काही रुग्णांच्या डोळ्यातील रक्तवाहिन्यांना सूज आली व दृष्टीला धोका झाला.

खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, पण इंजेक्शने परस्पर बंद करू नका. घरी एकेक डोळा झाकून खिडकीचे गज सरळ दिसतात का, ते पाहत जा. वाकडे दिसू लागल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. इंजेक्शननंतर डोळा वाढत्या प्रमाणात दुखू लागला, लाल झाला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी एका दिवसाचा उशीरही महागात पडतो.