पाइपात अडकलेली हवा : मित्र की शत्रू?

दोस्तांनो, नळ झटकन बंद केल्यावर भिंतीतल्या पाइपातून 'धाड्' असा आवाज कधी ऐकलाय? भूतबीत काही नाही हं! तो असतो पाण्याचा धक्का. इंग्रजीत त्याला 'वॉटर हॅमर', म्हणजे पाण्याचा हातोडा म्हणतात.

भरधाव एसटीने करकचून ब्रेक मारला, की उभे प्रवासी एकमेकांवर आदळतात ना? तसंच पाण्याचं होतं. पुढचं पाणी थांबतं, मागचं त्यावर आदळतं आणि दाबाची लाट पाइपातून उलटी धावते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी 1897-98 साली मॉस्कोत प्रयोग करून याचं गणित मांडलं. लाट जितकी वेगवान, तितका धक्का मोठा! लोखंडी पाइपात ती सेकंदाला 1000 मीटरांहून जास्त धावते. तिथे सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहणारं पाणी एकदम अडवलं, तर जो दाब वाढतो तो 100 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो.

प्लॅस्टिकचा लवचीक पाइप मात्र किंचित फुगतो आणि धक्का झेलतो. त्यात लाट साधारण 300-400 मीटर वेगाने जाते, म्हणून धक्काही तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो.

आणि आत हवा असेल तर? करून पाहा. सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबा. आतली हवा दबते आणि सोडताच दट्ट्याला मागे ढकलते. आता तीत पाणी भरून दाबा. दट्ट्या जवळजवळ हलतच नाही! म्हणजे हवा ही जणू स्प्रिंगच. म्हणूनच काही पंपांजवळ मुद्दाम हवेची टाकी बसवतात. धक्का ती गिळते.

मग हवा मित्रच की! थांबा. रिकाम्या पाइपात पंप एकदम सुरू केला, तर हलकी हवा टोकाच्या बारीक भोकातून सहज निसटते. मागून पाणी सुसाट येतं. हवा संपली की ते त्याच भोकाशी अडतं आणि धाड्! हवेला वाटच नसेल, तर ती दबून पंपाच्या दाबापेक्षाही जास्त जोराने पाण्याला मागे ढकलते. लवचीक पाइप तेव्हा सापासारखा उसळतो, जोड निखळतात.

म्हणून लांब पाइपलाइनच्या उंचवट्यांवर हवा सोडणारे व्हॉल्व्ह असतात आणि पाइप सावकाश भरतात. तुम्हीही नळ हळूच बंद करा, बरं का!