बंद कपाटातला केसपेपर बाहेर येतो कसा?

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर नंबर सांगितला की आतला कर्मचारी त्याच नंबरचा कागद आणून देतो. समजा, कुणी नंबरऐवजी ‘खोलीबाहेर पडा, जिना चढा, अधीक्षकांच्या कपाटातली फाईल आणा’ अशी चिठ्ठी आत सरकवली आणि कर्मचाऱ्याने ती मुकाट्याने पाळली, तर? वेब सर्व्हरकडून नेमकी हीच चूक होऊ शकते.

जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘अपाचे’ सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत सप्टेंबर २०२१ मध्ये हा दोष शिरला. पत्त्यातील दोन टिंबे म्हणजे ‘एक पायरी वर जा’. ठरलेल्या फोल्डरच्या वर कुणाला जाऊ द्यायचे नाही, हे सर्व्हरचे काम. पण दुसरे टिंब सांकेतिक रूपात, म्हणजे टक्क्याचे चिन्ह, २ आणि ई असे लिहिले की पहारेकरी फसत असे. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली, तिथे संकेतावर पुन्हा संकेत चढवला की वाट मोकळी! अखेर ७ ऑक्टोबरच्या २.४.५१ ने हे दुखणे थांबले. गंमत म्हणजे, आळसाने २.४.४८ वरच राहिलेले यातून वाचले. अर्थात, जुन्या आवृत्तीत जुनी दुखणी असतातच.

निदान कसे करायचे? आधी आवृत्ती पाहायची. मग सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, अशी सांकेतिक टिंबे शोधायची. ती सापडली म्हणजे माहिती गेलीच, असे नाही. जंतूशी संपर्क आला म्हणजे संसर्ग झाला असे नसते, तसेच हे. ओळीतला उत्तराचा आकडा निर्णायक असतो. ४०३ म्हणजे नकार. २०० म्हणजे मागितलेले बहुधा दिले गेले, आणि किती बाइट गेले तेही शेजारीच लिहिलेले असते. ठरलेल्या फोल्डरबाहेरच्या सर्व फाईलींना ‘मनाई’ ही मूळ सूचना कायम असेल, तर दोष असूनही कपाट बंद राहते. ही तपासणी मात्र आपल्याच सर्व्हरवर, संस्थेच्या परवानगीने करावी. दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीविना केली, तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

कधी कधी दोषाचीही गरज पडत नाही. २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने क्ष-किरण, सीटी यांच्या प्रतिमा साठवणाऱ्या सुमारे २,३०० यंत्रणा तपासल्या. त्यातल्या ५९० इंटरनेटवर उघड्या होत्या. ५२ देशांतील रुग्णांच्या २ कोटी ४० लाखांहून अधिक नोंदी, नाव आणि जन्मतारखेसह. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो. एचआयव्हीचा अहवाल गावात फुटला, तर त्या बाईला तो परत घेता येत नाही.

म्हणून रुग्णालयाने संगणक सांभाळणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की लॉग किती दिवसांचे शिल्लक आहेत? ‘सर्ट-इन’च्या २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस जपायचे असतात आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते.